खांदा सैल आहे

घरात तिचं नाव चिमटी. लहानपणी थोरल्या भावाला चिमटे काढून बेजार करायची म्हणून ते पडलं. पुढे एकतीस वर्षं एका डेंटल लॅबमध्ये हातात चिमटा धरून ती लोकांच्या कवळ्या बनवत राहिली, तेव्हा ते नाव बदलायचं कुणाला सुचलंच नाही. आता साठी उलटली होती आणि कवळ्या सोडून ती पूर्णवेळ रोबोंच्या मागे लागली होती.

रोबो म्हणजे खेळण्यातले. पण मुलांनी जमिनीवर आपटायचे नव्हेत. ह्यांचे हातपाय दुमडले, छाती उलटी केली, डोकं आत ढकललं, की त्यांची गाडी होते, विमान होतं, नाहीतर आगबंब होतो. चांगली शिकलेली, कामाधंद्याला लागलेली माणसं ते जमवतात, काचेच्या कपाटात लावतात आणि घरातल्या कुणाला हात लावू देत नाहीत. स्वतः मात्र गुपचूप दुमडत-उलगडत बसतात, आणि त्यामुळे सांधे झिजतात. मग रोबोचा वर केलेला हात वर राहत नाही, गुडघा मुडपतो, आणि एवढा शूर योद्धा दारू प्यायल्यासारखा शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो. असे कलंडलेले योद्धे टॉवेलात गुंडाळून लोक तिच्याकडे आणत. तिला ते सांधेवाल्या बाई म्हणत.

तिचा उपाय साधा होता. सांध्यातली गोटी वाटीतून बाहेर काढायची, तिला बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक पातळ थर द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि गोटी परत वाटीत बसवायची. गोटी केसभर जाड होते, वाटी तिला घट्ट धरते. एका थराने भागलं नाही तर दुसरा. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे, कारण ओली गोटी आत बसवली तर ती तिथेच चिकटते आणि रोबोचा कायमचा पुतळा होतो. चिमटीच्या हातून असा पुतळा एकदाही झाला नव्हता, आणि हे ती न विचारताही सांगायची.

तिला ह्या नादाला लावलं दादाने, ती लॅबमध्ये असतानाच. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोऱ्या, कप्प्या आणि अडकलेली माणसं, आणि संध्याकाळी घरी येऊन रोबो. बत्तीस वर्षांत त्याने साठेक रोबो जमवले होते. त्यातला लाडका म्हणजे एक पिवळी क्रेन. क्रेनचा रोबो व्हायला एकोणीस हालचाली लागत, आणि दादा त्या बोलता बोलता, टेबलाकडे न बघता करायचा. सांधा सैल झाला की रोबो चिमटीकडे यायचा. दुरुस्त होऊन परत गेला की दादा त्याची परीक्षा घ्यायचा. रोबोचा हात सरळ पुढे काढून ठेवायचा आणि साठपर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्यात हात जराही खाली आला तर नापास.

"खांदा सैल आहे," तो म्हणायचा.

सुरुवातीला ते खरं असायचं. पुढे तिचा हात बसला, रोबो साठ काय, सहाशे आकडे मोजले तरी हलेनात. तरी दादा खांदा बोटाने ढोसायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "सैल आहे." मग तिचा पारा चढायचा. "तुझा अंगठा सैल झालाय," असं म्हणून ती रोबो हिसकावून घ्यायची, दोघं जेवण थंड होईपर्यंत भांडायची आणि वहिनी ताटांवर झाकणं ठेवून आपली आपण जेवून घ्यायची. तिची दुसरी गिऱ्हाइकं कौतुक करताना थकत नसत. तिला ते कौतुक पुरत नसे. तिला दादाकडून एकदा 'ठीक आहे' ऐकायचं होतं, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी दाढी करताना दादाच्या हातातून वस्तरा पडला. मेंदूत गुठळी झाली होती. हॉस्पिटलातून आला तेव्हा बोलणं शाबूत होतं, पायही थोडा ओढत का होईना चालत होता. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. बोटं हलत, पण त्यांत जोर नव्हता. हाताचा व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली बाई येऊ लागली. ती स्पष्ट बोलणारी होती. "पहिल्या सहा महिन्यांत जेवढा वापराल तेवढा हा हात परत येईल," ती म्हणाली. "पुढे मग फार फरक पडत नाही. तेव्हा माझ्या अर्ध्या तासावर बसू नका, दिवसभर काहीतरी करत राहा."

सहावा आठवडा चालू असताना वहिनी टॉवेलात क्रेन गुंडाळून चिमटीच्या दारात उभी राहिली.

"ह्यांना सांगितलं नाहीये," ती म्हणाली. "खोलीचं दार लावून बसतात. थोड्या वेळाने धाडकन आवाज येतो, हा पडलेला असतो, आणि हे चिडलेले असतात. रोज तेच. सांधे गेलेत त्याचे. तू घट्ट करून दे, निदान उभा तरी राहील. माझ्याने त्यांची ती चिडचिड बघवत नाही गं."

चिमटीने क्रेन हातात घेतली. खरंच सगळे सांधे गेले होते. खांदे तर चिंध्यांसारखे लोंबत होते. तिने हातातली तीन कामं बाजूला सारली. दादाच्या हातासाठी तिला काही करता येत नव्हतं, हॉस्पिटलात ती नुसती बाकावर बसून राहिली होती. हे मात्र तिला करता येण्यासारखं होतं. चार दिवस तिने दुसरं काही केलं नाही. प्रत्येक गोटी पुसली, प्रत्येक पिन काढून पुन्हा बसवली. खांद्यांना चार चार थर दिले, प्रत्येक थर पुरता वाळवला. शेवटी क्रेन एका पायावर उभी केली, दोन्ही हात आडवे पसरले आणि ती भाजी आणायला गेली. परत आली तरी क्रेन तशीच उभी होती. इतकं चोख काम तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

दादाने क्रेन डाव्या हाताने घेतली. उजव्या अंगठ्याने खांद्यावर दाबून बघितलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

बत्तीस वर्षं जे ऐकायला ती आसुसली होती, ते तिला मिळालं. बसमध्ये बसून घरी जाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरच्या बाईने तिला खिडकी उघडून दिली. दादा भांडण न करता 'ठीक आहे' म्हणतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण कौतुक ऐकलं की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते, तशी तिचीही गेली.

पुढच्या रविवारी क्रेन डब्यात होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. दादा खिडकीशी बसलेला, उजवा हात मांडीवर. फिजिओवाली बाई वहिनीला दारात म्हणाली की मध्यंतरी बोटांत चांगली सुधारणा दिसत होती, पण आता गाडी अडल्यासारखी झालीय. घरी काही करत नाहीत का? वहिनी म्हणाली, खोलीतून आवाजही येत नाही आता. मग चिमटीने काय करावं? तिने कपाटातून आणखी तीन रोबो उचलले, घरी नेले, ते तीनही साठ आकड्यांचे करून आणले आणि दादासमोर ओळीने मांडले. त्याचं मन रमावं म्हणून.

दादाने ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. "सगळे घेऊन जा," तो म्हणाला. "क्रेन पण ने. तुझ्या गिऱ्हाइकांत वाटून टाक. मला आता कंटाळा आलाय त्यांचा."

ती क्रेन घेऊन घरी आली. तीन दिवस ती डब्यातच राहिली. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, बाई, मला पिवळी क्रेन घ्यायचीय, कुणाची तुमच्याकडे आली असेल तर एक फोटो पाठवा ना. दादावरचा राग होताच, ती म्हणाली, पाठवते. खिडकीतल्या उजेडात तिने क्रेन उभी केली, डाग बघायला म्हणून भिंग डोळ्याला लावलं, आणि रोबोच्या उजव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला तिला खाचा दिसल्या.

काम करून परत देताना त्या नव्हत्या. तिने सगळा रोबो पुसून दिला होता, एक ओरखडा तिच्या नजरेतून सुटला नसता. वर दोन खाचा, खाली तीन बारीक. वरची एक खोल आणि तिरकी, शेजारची सपाट आणि गोलसर. उंदराचं काम नव्हतं. एकतीस वर्षं जिने मेणात आणि प्लास्टरमध्ये माणसांचे दात वाचले, तिला ह्याला भिंगही लागलं नसतं. तो तिरका सुळा होता. आणि शेजारचा सपाट दात तर तिने स्वतःच बनवला होता, आठ वर्षांपूर्वी, दादासाठी, लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत.

दादा क्रेनला चावला होता.

ती खुर्चीत बसली. डाव्या हातात रोबोचं धड धरलं, उजव्या हाताची फक्त दोन बोटं त्याच्या हातावर ठेवली, जोर न लावता, आणि खांदा फिरवायचा प्रयत्न केला. फिरला नाही. पुन्हा केला. मग तिने रोबोचा हात तोंडाजवळ नेला, आणि तिच्या लक्षात आलं की तिचे स्वतःचे दातही नेमके कोपराशीच टेकतात. खोलीचं दार लावून तो काय करत होता, ते तिला आता कळलं. क्रेन पडत होती ती शेवटी. त्याआधी एकोणीस हालचाली झालेल्या असत.

फोटो तिने पाठवला नाही. पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि खांद्याच्या गोटीवरचा पहिला थर घासायला लागली. हे तिने आजवर कधी केलं नव्हतं. चांगला सांधा मुद्दाम बिघडवायचा म्हणजे तिच्या दृष्टीने पापच. दोनदा तिने पेपर खाली ठेवला, दोनदा पुन्हा उचलला. चारही थर गेले. मग दुसरा खांदा, कोपरं, कंबर, गुडघे. संध्याकाळपर्यंत क्रेन पूर्वीसारखी लुळी झाली आणि टेबलावर तोंडघशी पडली.

रविवारी तिने ती दादाच्या मांडीवर ठेवली.

"फिरव."

"तुला म्हटलं ना, देऊन टाक."

"आधी सांग, चावलास कशाला त्याला?"

वहिनी चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "कोण चावलं?"

"कोणी नाही," दादा म्हणाला.

"वहिनी, तुमचे यजमान क्रेनला चावलेत. आता नाही म्हणू नकोस, दादा. तो दात माझा आहे."

दादाने खिडकीबाहेर बघितलं. मग तो म्हणाला, "आधी फिरायचा माझ्याने. पहिल्यांदा पाऊण तास लागला. मग अर्धा. वीस मिनिटांवर आलो होतो. झाल्यावर पडायचा, चिडायचो, पण व्हायचा तो. मग तू तो घट्ट करून आणलास."

"मीच दिला होता तिला," वहिनी म्हणाली. तिने कप टेबलावर ठेवले. "मला वाटलं पडतो म्हणून..."

"तुझी चूक नाही. हिचीही नाही."

"मग मला सांगायचं होतंस!" चिमटी ओरडली. "घट्ट झालाय. एवढंच तर म्हणायचं होतं. पाच आठवडे गेले, दादा. सहा महिन्यांतले पाच आठवडे!"

"काय सांगू? बत्तीस वर्षं तुला सैल सैल म्हणून छळलं. आणि तुझा एक खांदा मला फिरवता येईना. कुठल्या तोंडाने सांगू?"

ह्यावर चिमटीला खूप काही बोलायचं होतं. पण तिला हुंदका आला आणि ती तशीच उभ्या उभ्या रडली. दादा बघत राहिला. मग डाव्या हाताने त्याने उजवा हात उचलला आणि क्रेनच्या खांद्यावर नेऊन ठेवला. खांदा फिरला. त्या दिवशी एकोणीस हालचालींना बावन्न मिनिटं लागली. वहिनीने तिन्ही कपांवर बशा झाकून ठेवल्या.

ठरलं ते असं. क्रेन सैलच राहणार. दादा रोज फिरवणार. ज्या दिवशी त्याला ती खरोखर सैल वाटेल त्या दिवशी त्याने सांगायचं, मग चिमटी खांद्याला एक थर देणार. एकच. आणि तिने आपणहून विचारायचं नाही. ही शेवटची अट दादाची, आणि ती पाळणं तिला फार जड गेलं. रविवारी ती यायची, फिजिओवालीची चौकशी करायची, औषधांची करायची, क्रेनकडे बघून न बघितल्यासारखं करायची. जिच्या कानांना तो शब्द नको नको झाला होता, तिचे कान आता त्यासाठी टवकारलेले असायचे.

तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "खांदा सैल आहे."

ती आनंदाने उठलीच. पण वहिनीने मान खाली घातली होती. चिमटी पुन्हा बसली. "फिरवून दाखव."

दादाने फिरवला. अंगठा दोनदा घसरला, कपाळावर घाम आला, आणि खांदा अर्ध्यावर थांबला.

"खोटं बोलतोस?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं," तो म्हणाला. "दर रविवारी येऊन बसतेस हॉस्पिटलातल्या बाकावर बसल्यासारखी. म्हटलं, म्हणून टाकावं एकदा."

"माझ्या तोंडाची काळजी करू नकोस. बाटली उघडणार नाही मी."

तिने बाटली उघडली नाही. पुढचे चार रविवार तो शब्द निघाला नाही. पाचवा महिना लागला. फिजिओवाली म्हणत होती की बरं चाललंय, पण ती सगळ्यांनाच तसं म्हणत असणार, असं चिमटीला वाटायचं. वहिनीकडून कळलं की दादा आता दिवसातून चार वेळा फिरवतो, आणि पडल्यावर चिडत नाही, नुसता उचलतो.

आठव्या रविवारी ती पोचली तेव्हा दादा दाराकडे तोंड करून बसला होता. तिने चपला काढायच्या आतच तो म्हणाला, "खांदा सैल आहे."

तिने आधी क्रेन उचलली. रोबोचा हात सरळ पुढे काढला आणि मोजायला लागली. तिने दिली तेव्हा तीन आकड्यांत हात खाली यायचा. आताही तीनच आकड्यांत आला. सांध्यात काडीचाही बदल नव्हता. मग तिने क्रेन त्याच्या हातात दिली.

दादाने अंगठा खांद्यावर ठेवला. खांदा एका दमात फिरला. मग दुसरा, मग कोपर, मग छाती उलटी. पुढचं तिला नीट दिसलं नाही, कारण तिचे डोळे भरून आले होते. वहिनी मागून हळूच म्हणाली, "अकरा मिनिटं. मी काल घड्याळ लावून बघितलंय."

चिमटीने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. गोटी काढली, पुसली. बाटली दादाच्या उजव्या हातात दिली. "धर." त्याने धरली. बाटली थरथरत होती, पण सांडली नाही. तिने पातळ, अगदी पातळ थर दिला आणि गोटी टाचणीवर टोचून उभी केली.

"दोन दिवस वाळू दे. तोपर्यंत हात लावायचा नाही."

"दोन दिवस?" दादा म्हणाला. "दोन दिवस मी काय करू?"

तो खरोखर घाबरला होता. चिमटीने पिशवीत हात घातला आणि दुसरा रोबो काढून त्याच्यासमोर ठेवला, कपाटातला आगबंब. तो तिने दोन महिन्यांपूर्वीच घासून, खांद्यांना एक एक थर ठेवून तयार केला होता, आणि तेव्हापासून दर रविवारी पिशवीत घालून आणत होती आणि न काढता परत नेत होती.

दादाने आगबंबाकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याने तो उचलला आणि उजवा अंगठा खांद्यावर टेकवला. हा क्रेनपेक्षा घट्ट होता. अंगठा घसरला, पुन्हा टेकला. दादाने ओठ आवळले. बराच वेळ गेला, आणि शेवटी तो खांदा कुरकुरत पुरता फिरला.

दादाने मान वर केली. घामाने त्याचं कपाळ भिजलं होतं.

"सैल आहे," तो म्हणाला.

सैल बिलकुल नव्हता. क्रेन तीन आकड्यांची, तर हा चांगला वीस आकड्यांचा होता, तिने घरी मोजून ठेवला होता. चिमटीने वाद घातला नाही.